सगळ्यांत हळू माणूस

आमच्या ऑफिसात एक पद्धत आहे. मोठी लाट आली तर पाणी कुठवर चढेल याचा हिशेब झाला, नकाशावर लाल पट्टा आखून झाला, की त्या पट्ट्यातल्या प्रत्येक गल्लीत आमच्यापैकी कुणीतरी जातं आणि विचारतं, "तुमच्यात सगळ्यांत हळू कोण चालतं?" मग त्या माणसाला सोबत घेऊन गल्लीतल्या शेवटच्या घरापासून वर टेकडीवरच्या शाळेपर्यंत चालत जायचं. त्याचा जो वेग, तोच गल्लीचा वेग धरायचा. कॉम्प्युटर सरासरी काढून मोकळा होतो, पण सरासरीनं चालणारं माणूस मी तरी अजून पाहिलेलं नाही.

लोक या प्रश्नाला हसतात. बायका नवऱ्याकडे बोट दाखवतात. "हे घ्या. जेवायला हाक मारली की सगळ्यांत पुढे, बाकी सगळीकडे मागे." आजोबा लोकांना राग येतो आणि ते मुद्दाम तरातरा चालून अर्ध्या वाटेत धापा टाकत बसतात. एका बाईनं आपल्या पोराला पुढे केलं होतं. "हा हळू. वाटेतला प्रत्येक दगड उचलून बघतो."

माझ्या आईबाबांच्या गल्लीत मी हा प्रश्न विचारला तेव्हा कुणी हसलं नाही. बेकरीवाल्या मावशी कोरडे हात पुन्हा पुन्हा पुसत राहिल्या. समोरच्या शिंप्यानं मशीनमध्ये दोरा ओवायला घेतला. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं, पण विचारायचं म्हणून विचारलं.

ही गल्ली आधी लाल पट्ट्यात नव्हतीच. पट्टा खाली बाजाराशी संपायचा. त्याचं कारण समुद्राच्या तळाशी होतं. आमच्या किनाऱ्यासमोर, बऱ्याच आत, जमिनीच्या दोन प्रचंड प्लेटा एकमेकींना भिडतात. समुद्राकडची प्लेट आमच्या खाली सरकत असते, नखं वाढतात तितक्या सावकाश. जिथे त्या एकमेकींत अडकून बसतात तिथे वरची प्लेट खालचीबरोबर ओढली जाते, वाकते, आणि कधीतरी तटकन सुटते. सुटताना वरचं सगळं पाणी उचलते. ती लाट. आमच्या समोरच्या या शिवणीचे आम्ही तीन तुकडे मानत होतो. दोन टोकांचे दोन अडकलेले, आणि मधला सुटा, गुपचूप सरकत राहणारा. एक टोक तुटलं तरी मधला तुकडा ते फाटणं पुढे जाऊ देणार नाही, असा आमचा सगळ्यांचा भरवसा. माझ्या आधीच्या लोकांचा, आणि माझाही.

मग समुद्राच्या तळाशी ठेवलेल्या यंत्रांचे आकडे हाती आले. मधला तुकडासुद्धा अडकलेला होता. सरकतोय असं आम्हाला किनाऱ्यावरून वाटत होतं इतकंच. तिन्ही तुकडे एकदम तुटू शकतात, म्हटल्यावर लाट मोठी झाली, पट्टा बाजार ओलांडून बेकरी, शिंपी, आईबाबांचं घर असं सगळं पोटात घेऊन शाळेच्या खालच्या भिंतीपर्यंत गेला. हादरा थांबल्यापासून पाणी यायला जेमतेम वीस मिनिटं.

तो पट्टा मीच आखला. आखताना माझ्या मांडीवर माझी लेक बबडी होती, कारण तिच्या पाळणाघराला सुट्टी होती. तिनं स्क्रीनवर बोट ठेवून "लाल" म्हटलं. नुकतीच रंग शिकली होती.

आमच्या ऑफिसच्या मॅडम म्हणाल्या, "त्या गल्लीत तू जाऊ नकोस. दुसऱ्या कुणाला पाठवते."

"दुसऱ्या कुणाला आई नीट सांगणार नाही," मी म्हटलं.

आईला दीड वर्षापूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली आणि बरेचसे शब्दही गेले. उरले ते थोडेच, पण नेमके बाबांची खोड काढायला लागणारे उरले. व्हीलचेअरमध्ये बसते. डावा हात भिंतीवर ठेवून घरातल्या घरात खुर्ची पुढे ढकलत नेते. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यावर पोपडा गेलाय तिथे तिला कळतं की आता वळायचं. खिडकीचा थंड दगड लागला की थांबायचं. आम्हाला ते घर दिसतं, तिला ते हाताला लागतं.

तुम्ही म्हणाल, मग त्यांना वर तुमच्या घरी का नाही आणलं? आणलं होतं. पट्टा सरकला त्याच आठवड्यात आणलं. माझा नवरा आणि बाबांनी मिळून पलंगसुद्धा चढवला. आईनं माझ्या गुळगुळीत रंगवलेल्या भिंतीवर हात फिरवला, फिरवत राहिली आणि हरवली. भर दुपारी, लख्ख उजेडात, हॉलच्या मधोमध रडायला लागली. "घरी," एवढंच म्हणायची. मग खाणं सोडलं. मी केळं कुस्करून तोंडाशी नेलं की ओठ मिटून घ्यायची, अगदी बबडीसारखी. डॉक्टर म्हणाले, लाटेचं मला कळत नाही, पण या इथे महिनाभरही टिकणार नाहीत. बाबांनी त्याच दिवशी पलंग खोलायला घेतला.

परत गेल्यावर तिनं त्या पोपड्यावर हात ठेवला आणि पहिल्यांदा हसली. म्हणाली, "अहो, भूक."

आता काय करायचं? बाबांनी ठरवलं, आईला खुर्चीतून वर न्यायचं. आयुष्यभर बस चालवलेला माणूस. बाजार ते शाळा हाच त्यांचा मार्ग होता. "हा चढ मला शिकवतेस?" म्हणाले. "पावसात, पन्नास माणसं भरून नेलाय."

"तेव्हा इंजिन होतं, बाबा."

"आणि आता काय, मी भंगारात निघालो?"

चालायला मी, बाबा आणि खुर्चीत आई. बबडी माझ्या पाठीशी बांधलेली. गल्लीतले लोक दारात उभे होते आणि कुणी कामात असल्याचं दाखवतही नव्हतं. सुरुवात चांगली झाली. बेकरीपर्यंत बाबा शीळ घालत होते. शिंप्याच्या दुकानानंतर शीळ थांबली. पुढे रस्ता वळतो आणि फरशी उखडलीय, तिथे पुढची चाकं अडकली. बाबांनी खुर्ची उलटी करून मागे ओढायला घेतली.

"अहो," आई म्हणाली, "गिअर."

"टाकलाय."

"रिव्हर्स."

"गप्प बस, प्रवाशांनी ड्रायव्हरशी बोलू नये."

शिंप्याची दोन मुलं पुढे झाली. "काका, आम्ही उचलतो. त्या दिवशीही आम्हीच उचलू." बाबांनी मान हलवली. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. "तुमची आजी वरच्या खोलीत आहे ना रे? तिला उचला. माझ्या बायकोसाठी दुसऱ्याची पोरं खाली थांबलेली मला चालायची नाहीत."

वीस मिनिटांना लावलेलं माझ्या हातातलं घड्याळ वाजलं तेव्हा आम्ही अर्ध्या चढावर होतो. शाळेचं फाटक समोर दिसत होतं. बाबा थांबले नाहीत. वेळ संपलेली असताना त्यांनी खुर्ची वरपर्यंत नेली, फाटकाला हात लावला आणि मग पायरीवर बसले. पाण्याची बाटली मला त्यांच्या तोंडाशी धरावी लागली. आई समुद्राकडे बघत होती. "छान," म्हणाली. किती तरी दिवसांनी तिनं तो एवढा मोकळा पाहिला होता.

त्यानंतर बाबा रोज प्रयत्न करायचे. चाकांना तेल दिलं, जाड टायर बसवले, फरशीवर स्वतः सिमेंट ओतलं. थोडा वेळ वाचला. पुरेसा नाही. पाण्याच्या वर चढून बसता येईल अशी मजबूत उंच इमारत गल्लीतच बांधून द्या असा अर्ज आमच्या ऑफिसनं वर पाठवला होता. तो अजून वरच आहे.

एक दिवस बबडीची दुधाची बाटली धुताधुता बाबा मला म्हणाले, "मी काय म्हणतो, तेव्हा तू इथे असलीस तर?"

"तर दोघं मिळून खुर्ची ढकलू."

"आणि ही?"

"कडेवर."

"एका हाताला खुर्ची, एका हाताला पोर. चढावर." त्यांनी बाटली पालथी घातली. "गाडी बंद पडली की मी काय करायचो, आठवतं? प्रवाशांना उतरवून मागच्या गाडीत बसवून द्यायचो. आपण गाडीपाशी थांबायचं. ड्रायव्हर गाडी सोडून जात नसतो."

"आई काय गाडी आहे का?"

आतून आवाज आला, "जुनं... मॉडेल."

आम्ही दोघं इतकं हसलो की बाबांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. हसता हसता माझं रडू सुरू झालं ते त्यांनी पाहिलं, पण न पाहिल्यासारखं केलं. म्हणाले, "शपथ वगैरे नको. नुसतं हो म्हण. पोरीला घ्यायचं आणि वर जायचं. मागे बघायचं नाही, आमच्यासाठी परत यायचं नाही."

मी हो म्हटलं नाही. पुढे कित्येक दिवस दारातून आत येतायेताच ते विचारायचे, "काय ठरलं?" जणू भाजी कुठली आणायची ते विचारतायत. मी विषय बदलायचे. मग एकदा बबडी तापानं किरकिरत होती, ऑफिसचा फोन वाजत होता, आणि त्यांनी पुन्हा तेच काढलं. माझा तोल गेला. "हो, हो, हो! जाईन! झालं समाधान?"

"झालं," ते म्हणाले.

एवढा मोठा शब्द मी चिडून दिला. नीट बसून, त्यांचा हात हातात घेऊन द्यायला हवा होता. पण तसा बहुधा मी तो कधीच दिला नसता.

ती शनिवारची दुपार होती. नवरा कामावर होता. मी आईकडे एकाच वाटीत केळं कुस्करत होते, एक घास आईला, एक बबडीला. दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघून आ करायच्या. आधी वाटलं रस्त्यावरून ट्रक चाललाय. ट्रक निघून जातो. हे थांबेना. कपाटाची दारं उघडली, भांडी आपोआप चालत यावी तशी काठावर आली आणि कोसळली. मी बबडीवर पालथी पडले. बाबांनी आईच्या खुर्चीभोवती दोन्ही हात आवळले आणि तिच्या डोक्यावर डोकं टेकवलं.

किती वेळ हललं ते मला माहीत आहे, पण सांगवत नाही. आमच्या कामात हादरा लांबला याचा अर्थ शिवण लांबवर उसवतेय. उभं राहता येऊ नये असा हादरा आणि तोही लांबलेला, तर भोंग्याची वाट बघायची नाही, निघायचं. हे वाक्य मी शाळाशाळांतून पोरांकडून पाठ करून घेतलंय.

थांबलं. बबडी रडत नव्हती, नुसती टकामका बघत होती. मी उठले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचं तोंड उघडलं, पण त्यातून काही येईना. इतके दिवस माझ्या मागे लागलेला माणूस. मी खुर्चीची मूठ धरली. खरंच धरली.

आईनं डाव्या हातानं माझी बोटं एकेक करून मुठीवरून सोडवली. "जा," म्हणाली. स्पष्ट. झटक्याआधी म्हणायची तसं. "बाळाला घे. जा."

मी गेले.

चढावर सगळी गल्ली होती. शिंप्याची मुलं आजीला हातांच्या पाळण्यात घेऊन पळत होती. मी कुणाकडे बघितलं नाही, मागे तर नाहीच. शाळेच्या मैदानात पोचले तेव्हा बेकरीवाल्या मावशी धावत आल्या, "आलीस गं बाई! आणि आईबा—" त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. मग माझ्या कडेवरून बबडीला घेऊ लागल्या. मी दिली नाही.

पाण्याकडे बघायचं ते मला येतं. सगळे बंदराकडे बघत होते. मी खडकांच्या रांगेकडे बघत होते. पाणी मागे हटलं तर आधी ते खडक उघडे पडतील. त्यांच्यावर माझी नजर खिळली होती आणि मी मनात बाबांचा पाढा म्हणत होते: बेकरी, शिंपी, वळण, उखडलेली फरशी. कदाचित निघाले असतील. कदाचित आता वळणावर असतील. चढाच्या तोंडाशी काही हललं की मी दोन पावलं पुढे जायचे. एक कुत्रा आला. मग कुणीच आलं नाही.

खडक उघडे पडले नाहीत. वीस मिनिटं गेली, आणखी तितकीच गेली. खूप वेळानं ऑफिसातून ठिपकेवाल्याचा फोन लागला. कॉम्प्युटरच्या नकाशावर घरांचे ठिपके तोच चालवतो, म्हणून आम्ही त्याला ठिपकेवाला म्हणतो. "दक्षिणेचा तुकडा तुटला. एकटाच. मधल्यानं अडवलं," तो म्हणाला. "बंदरात गुडघाभर पाणी आलंय, बास. ऐकतेस ना? मधल्यानं अडवलं." या वेळी अडवलं. दोघांनाही ठाऊक होतं की यावरून पुढच्या वेळचं काहीच सांगता येत नाही.

धोका टळल्याचा भोंगा झाला आणि मी उतरले. दार उघडंच होतं. बाबांनी काचा एका कोपऱ्यात लोटल्या होत्या. आईला खिडकीशी बसवलं होतं. तिच्या अंगात लग्नकार्याला घालायचा निळा स्वेटर होता, केस नीट विंचरून मागे बांधले होते, भांग सरळ होता. बाबांच्या हातात अजून कंगवा होता.

"मध्ये वेळ होता ना थोडा," ते म्हणाले. "म्हटलं, बसून काय करायचं."

मी दारातच खाली बसले. बबडी कडेवरून उतरली आणि सांडलेलं केळं वेचून खायला लागली. तिला कुणी थांबवलं नाही.

"चांगलं केलंस," बाबा म्हणाले. मग पुन्हा म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही, आणि मी त्यांच्या.

हादऱ्यानंतर आम्ही घरोघरी विचारायला जातो, कोण निघालं, कोण नाही. आमच्या गल्लीचं काम ठिपकेवाल्याकडे आलं. बिचारा माझ्यासमोर बसला, आईबाबांच्याच स्वयंपाकघरात, आणि ऑफिसातल्यासारखं विचारायला लागला.

"घरात किती माणसं होती?"

"चार."

"किती निघाली?"

"दोन."

तो लिहायचा थांबला. आमच्या मॉडेलमध्ये एक घर म्हणजे एक ठिपका. निघाला तर अख्खा ठिपका निघतो, घरातल्या सगळ्यांत हळू माणसाच्या वेगानं. थांबला तर अख्खा थांबतो. हे कुणी ठरवलं, कधी, आठवत नाही. कुणाला चूकही वाटली नाही. सगळे सोबत निघणार, नाहीतर सोबत थांबणार, घर आणखी काय करणार?

"हे बसवू कसं?" त्यानं विचारलं. टोमणा नव्हता. खरंच कळत नव्हतं त्याला.

"ठिपका तोडून बसव," मी म्हटलं.

तसं आता केलंय. अहवालात त्याचं एक वाक्य झालं. मॅडमनी ते वाचलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. नव्या आकड्यांत पूर्वीपेक्षा जास्त मुलं वाचतात आणि जास्त म्हातारे मागे राहतात. आकडे बरोबर आहेत, मी पुन्हा पुन्हा तपासलेत.

मी अजून रोज जाते आईकडे. बाबा आता दारात काही विचारत नाहीत. हल्ली आम्ही क्रिकेटवर बोलतो, टायरवर बोलतो. रोजचा चढाचा प्रयत्नही त्यांनी सोडलाय. संध्याकाळी आईला घेऊन बेकरीपर्यंत जातात, फिरायला म्हणून.

आई मात्र ते विसरलेली नाही. सकाळी काय खाल्लं ते तिला आठवत नाही, माझ्या नवऱ्याला कधी कधी तिच्या भावाच्या नावानं हाक मारते, पण ते एक तिच्यात राहिलंय. गल्लीतून ट्रक जातो, खिडकीची तावदानं वाजतात, आणि ती माझ्या हातातला चमचा बाजूला सारते. डोळे मोठे होतात. डाव्या हातानं मला ढकलते. "जा. बाळाला घे. जा."

"अगं ट्रक आहे, आई."

"जा!"

समजावून उपयोग नसतो. थांबले तर ती घाबरीघुबरी होते, खुर्चीतून उठायला बघते, पडेल. म्हणून मी बबडीला उचलते आणि निघते. बेकरीच्या कोपऱ्यापर्यंत जाते, भिंतीला टेकून उभी राहते. मावशी आतून बघतात, विचारत नाहीत. मी गेले अशी तिची खात्री पटली की बाबा खिडकीतून हात करतात.

मग मी परत येते. ती मला बघून हसते, तिला काही आठवत नसतं, कित्येक दिवसांत आलो नसू तसं आम्हा दोघींचं स्वागत करते. मी वाटी पुन्हा हातात घेते. एक घास तिला, एक बबडीला, पुढचा ट्रक येईपर्यंत.